नियम मोडायचा म्हणजे नेमकं काय मोडायचं?

'आधी नियम शिका, मग मोडा.' डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य पहिल्या आठवड्यातच भेटतं. ते कधी पिकासोच्या नावावर खपवलं जातं, कधी दलाई लामांच्या. ऐकायला इतकं शहाणं की त्यावर वाद घालायची सोय नाही. शिस्तप्रिय माणसाला त्यातलं 'शिका' आवडतं आणि बंडखोराला 'मोडा'. दोघंही खूश होऊन घरी जातात.

माझी अडचण त्यातल्या 'मग' या शब्दाशी आहे. नियम म्हणजे जणू दारात भरायचं प्रवेशशुल्क. एकदा पावती फाडली की आत काय वाटेल तो धुडगूस घालायला आपण मोकळे. पण कुठला नियम, तो कशासाठी होता आणि मोडल्यावर त्याचं काम कोण करणार, याबद्दल हे वाक्य काहीच बोलत नाही.

मी डिझाइन शिकलेलो नाही. इंजिनियरिंग करून सॉफ्टवेअर लिहितो. अक्षरांकडे वळलो तो पडद्यावर मराठी नीट दिसावी एवढ्या साध्या गरजेपोटी. त्यामुळे या वाक्याकडे मी प्रोग्रामरच्या नजरेनेच पाहतो. आमच्या धंद्यात चेस्टरटनच्या कुंपणाचा दाखला वारंवार दिला जातो. जी. के. चेस्टरटनने १९२९ साली एका पुस्तकात मांडलेला तो मुद्दा असा : रस्त्यात आडवं कुंपण दिसलं आणि त्याचा उपयोग कळला नाही, तर तेवढ्यावरून ते पाडू नये. ते कुणी आणि कशासाठी घातलं हे सांगता आलं, तरच पाडायचा विचार करावा. जुन्या प्रोग्रॅममध्ये अशी कुंपणं पावलोपावली असतात. एखादी विचित्र अट, जिच्याशेजारी कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. ती काढायला हरकत नसते, पण ती कशाला धरून उभी आहे हे आधी माहीत असावं लागतं. डिझाइनमधल्या नियमभंगाची परीक्षाही मला अशीच करावीशी वाटते. कलाकार किती धीट होता, हा प्रश्न नंतरचा. त्याला काय माहीत होतं, हा आधीचा.

या परीक्षेला सगळ्यात चांगला उतरणारा माणूस म्हणजे यान चिखोल्ड. लाइपझिगच्या एका पाट्या रंगवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. सुलेखन शिकला आणि विशीच्या आसपास तेच शिकवूही लागला. १९२३ साली वायमारला बाउहाउसचं प्रदर्शन पाहून आला आणि पेटला. १९२८ साली त्याचं 'दी नॉये टिपोग्राफी' हे पुस्तक आलं. मजकूर मधोमध मांडायची शतकांची रीत त्यात त्याने धुडकावली. शेपट्या नसलेली साधी अक्षरं, एका बाजूला झुकलेली असमतोल मांडणी, ठरावीक मापाचे कागद हे त्याचं नवं शास्त्र. त्यामागचं कारण तो नीट सांगतो. मधोमध मांडलेलं पान दिसायला डौलदार असतं, पण त्यात महत्त्वाचं काय आणि बिनमहत्त्वाचं काय हे आकाराच्या हट्टाखाली दबतं. आजच्या वाचकाला घाई आहे, त्याची नजर अर्थामागे जायला हवी. म्हणजे चिखोल्डने नियम मोडला तो वाचकाच्या बाजूने, आणि जुन्या रीतीने वाचकाचं काय अडतं हे त्याला हातातल्या लेखणीमुळे कळलेलं होतं.

पुढची गोष्ट जास्त मोलाची. १९३३ साली नाझींनी त्याला अटक केली. सुटल्यावर तो स्वित्झर्लंडला गेला. तिथे हळूहळू त्याने स्वतःचेच नियम मोडायला सुरुवात केली. पुस्तकं पुन्हा मधोमध मांडू लागला, जुन्या वळणाची शेपटीवाली अक्षरं वापरू लागला. १९४६ साली माक्स बिलने त्याच्यावर फितुरीचा आरोप करावा तसा हल्ला चढवला. चिखोल्डचं उत्तर असं होतं की आपल्या त्या नव्या शास्त्रातला असहिष्णुपणा, सगळं एकाच शिस्तीत बसवायचा हट्ट, हा ज्या वृत्तीने जर्मनीला युद्धात लोटलं तिच्याच जातीचा होता. कुणाला हे उत्तर अतिरेकी वाटेल. मलाही थोडं वाटतं. जाहिरातीचा कागद असमतोल मांडणारा माणूस आणि हुकूमशहा यांना एका माळेत ओवणं जरा जास्तच झालं. पण त्यातला एक भाग खरा आहे. नियम मोडणाऱ्याचा नवा नियम जुन्याइतकाच आंधळा होऊ शकतो, आणि हे सगळ्यात आधी मोडणाऱ्याला कळायला हवं.

१९४७ ते १९४९ तो लंडनला पेंग्विनमध्ये होता. स्वस्त, लाखांनी छापली जाणारी पुस्तकं. तिथे त्याने छापखान्यांसाठी चार पानी नियमावली केली. शब्दांमधली जागा शक्य तितकी कमी ठेवा, मोठी अक्षरं जुळवताना त्यांच्यामध्ये फट सोडा, अशा साध्या सूचना. पाचशेवर पुस्तकं त्याच्या नजरेखालून गेली. १९२८चा बंडखोर आणि १९४७चा हा हेडमास्तर यांच्यात काहीच समान नाही असं वाटतं. पण दोघांच्या कामातल्या जागा पाहाव्यात : अक्षरांमधल्या, ओळींमधल्या, कडेच्या. दोन्हीकडे तीच काळजी आहे. त्याने दोनदा मोडली ती मांडणीची तऱ्हा. नजर पानावरून अडखळल्याविना जावी, हे त्याने एकदाही मोडलं नाही.

आता दुसऱ्या टोकाचा माणूस, ज्याच्यामुळे 'आधी शिका'वाल्यांची पंचाईत होते. डेव्हिड कार्सन. अमेरिकन, समाजशास्त्राचा पदवीधर, लाटांवर फळी घेऊन जाणारा व्यावसायिक खेळाडू, शाळामास्तर. डिझाइनचं शिक्षण म्हणजे काही आठवड्यांच्या कार्यशाळा. १९९२ साली 'रे गन' हे संगीताचं मासिक सुरू झालं आणि त्याची पानं याने अक्षरशः विस्कटली. ओळी एकमेकींवर चढलेल्या, रकाने मध्येच कापलेले, अक्षरं धुवट. १९९४ साली ब्रायन फेरी या गायकाची मुलाखत त्याला इतकी कंटाळवाणी वाटली की त्याने ती सगळीच्या सगळी झाफ डिंगबॅट्समध्ये लावली. या फॉन्टमध्ये अक्षरांच्या जागी चांदण्या, बाण, कात्र्या असली चिन्हं असतात. एक शब्द वाचता येणार नाही.

नियमभंगाचा हा किस्सा डिझाइनच्या जगात पुराणकथेसारखा सांगितला जातो. सांगताना त्यातला एक तपशील बहुतेक वेळा गळतो. त्याच अंकात मागे ती मुलाखत वाचता येईल अशा अक्षरांत पुन्हा छापलेली होती. मला या प्रसंगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. पुढच्या पानावर थट्टा आहे आणि मागे तिची भरपाई. ज्याला मुलाखत वाचायची आहे त्याला ती मिळते. कार्सनच्या नकला करणाऱ्यांची पुढे रांग लागली. त्यांनी पुढची चिन्हं उचलली, मागचं पान उचललं नाही.

शिवाय कार्सन काहीच न शिकता आला, हेही खरं नाही. 'रे गन'च्या आधी त्याने स्केटिंगच्या आणि सर्फिंगच्या मासिकांत कितीतरी वर्षं पानं लावली होती. तो शिकला, पण उलट्या बाजूने. मोडून पाहायचं, काय कोसळतं ते बघायचं, आणि त्यावरून तो खांब कशाचा होता हे ओळखायचं. प्रोग्रामरला ही पद्धत परकी वाटणार नाही. आम्ही अर्धं आयुष्य असंच शिकतो. तेव्हा 'आधी' आणि 'मग' हा क्रम काही पवित्र नाही. नियमाने काय पेललं होतं हे कधी ना कधी कळावं लागतं, एवढंच.

इथवर रोमन अक्षरांची गोष्ट झाली. ती मराठी वाचकाला परकी नाही, पण आपलं रोजचं वाचन देवनागरीत चालतं, आणि देवनागरीत या प्रश्नाला वेगळं वळण लागतं. त्यासाठी नियमांची थोडी वाटणी करून घेतो. काही नियम डोळ्याचे असतात : ओळी एकमेकींत घुसल्या की वाचवत नाही. काही हत्याराचे असतात : लेखणी, खिळे, टंकयंत्र, पडदा यांच्या मर्यादेतून आलेले. आणि काही सवयीचे : असंच पाहत आलो म्हणून असंच हवं. मोडण्याआधी आपण कुठल्या जातीचा नियम मोडतोय, हे कळलं तरी अर्धं काम होतं. गंमत अशी की एकाच नियमात तिन्ही जाती मिसळलेल्या असतात.

शिरोरेखा घ्या. मोडी लिहिताना कागदावर आधी आडवी रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत. तिथे रेघ ही हाताला आधार होती. देवनागरीत आपण आधी शब्द लिहितो आणि मग त्याच्या डोक्यावरून रेघ ओढतो. इथे ती शब्दाला बांधून ठेवते. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे नजरेला आधी रेघ सांगते. तिचं आणखी एक बारीक काम आहे. भ आणि ध यांच्या डोक्यावर ती तुटते, म आणि घ यांच्यावर अखंड असते. आता 'आधुनिक' दिसावं म्हणून बोधचिन्हांतून शिरोरेखा उडवायची टूम आहे. माझा तिला तत्त्वतः विरोध नाही. गुजरातीनेही ती टाकलीच. पण गुजराती ही रेघ पुसलेली देवनागरी नाही. क, ज, फ अशा कितीतरी अक्षरांचं वळणही तिथे बदललेलं आहे. रेघ काढणाऱ्याने शब्द बांधायचं काम मोकळ्या जागेकडे सोपवलं का, भ आणि म वेगळे राहतील याची दुसरी सोय केली का, हे मी पाहतो. केली असेल तर तो नियमभंग. नसेल तर नुसतीच खोडाखोड.

आणि आपल्याकडे खोडाखोडच जास्त होते, पण तिच्यामागे बंडखोरी नसते. ती आपोआप घडते. पडद्यावरच्या मांडणीची बहुतेक साधनं रोमन अक्षर डोळ्यापुढे ठेवून घडली. त्यांत लेटर-स्पेसिंग वाढवलं की इंग्रजी मथळा ऐसपैस दिसतो. तोच आकडा मराठी मथळ्याला लावला की शिरोरेखेचे तुकडे पडतात. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीला पुरेल एवढं ठेवलं की वरच्या ओळीतल्या 'ट्ठ'चा पाय आणि खालच्या ओळीतल्या 'र्कीं'चा रफार-अनुस्वार एकमेकांना भिडतात, नाहीतर चौकटीच्या कडेला कापले जातात. मग मराठी 'गिचमिड दिसते' म्हणून तिचा आकार आणखी लहान केला जातो. हे सगळं मी रोज पाहतो. यात कुणाचाच दुष्ट हेतू नसतो. डोळ्याचा एक नियम मोडलेला असतो, आणि मोडणाऱ्याला तो नियम होता हेच ठाऊक नसतं.

लेखणीचंही तसंच. रोमन सुलेखनात डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी तिरपी रेघ जाड येते. देवनागरीच्या बोरूची छाट उलट्या बाजूला असल्यामुळे उजवीकडून डावीकडे खाली उतरणारी रेघ जाड होते. हा नियम हत्यारातून आला, पण शेकडो वर्षांत डोळ्याचा झाला. रोमन अक्षराचा जाड-बारीकपणा जसाच्या तसा उचलून देवनागरीवर चढवला, तर सामान्य वाचकाला कारण सांगता येणार नाही, पण अक्षर 'परकं' वाटेल. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीहून वेगळी आहेत. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही भाषांना क्रमांक एकच. फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय असली आणि मजकुराची भाषा मराठी आहे अशी खूण पानात केलेली असली, तरच आपला ल दिसतो. एका खुणेच्या अभावी आपल्या कितीतरी पडद्यांवर हिंदीचा ल नांदतो आहे.

आता जाणून मोडलेल्या नियमाचं उदाहरण. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला 'मोदक' हा फॉन्ट गणपतीच्या दिवसांत तुम्ही नक्की पाहिला असेल. अक्षररचनेचा जुना नियम सांगतो की अक्षराच्या पोटातली पोकळी जपा, कारण तिच्यावरून नजर अक्षर ओळखते. 'मोदक'ने पोकळी जवळजवळ बुजवून टाकली. अक्षरं उकडलेल्या पिठासारखी फुगलेली, एकमेकांना टेकलेली. आत राहिली ती नुसती चीर. पण ती चीर नीट पाहा. प्रत्येक अक्षराची चीर वेगळी आहे, तिची जाडी कमी-जास्त होते आणि ती नेमकी त्या जागी आहे जिथे त्या अक्षराची ओळख ठरते. पोकळीचं काम चिरेने उचललं आहे. म्हणून 'मोदक' मोठ्या आकारात वाचता येतो. लहान आकारात नाही येत, आणि तसा त्याचा दावाही नाही. लग्नपत्रिकेचा सगळा मजकूर, अगदी पत्त्यासकट, 'मोदक'मध्ये लावणाऱ्याने नियम दुसऱ्यांदा मोडलेला असतो, आणि त्यासाठी फॉन्टला जबाबदार धरता येत नाही.

कमल शेडग्यांनी हेच हाताने केलं. वृत्तपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीत त्यांनी काढलेलं नाव नुसत्या आकारावरून ओळखू यायचं. नाटकाचा स्वभाव अक्षरात उतरवताना त्यांनी वेलांट्या लांबवल्या, काने वाकवले, शिरोरेखेला हवं तसं वागवलं. आज संगणकावर त्यांची नक्कल करणारी शीर्षकं पाहिली की फरक कळतो. शेडगे एका नावासाठी एकदाच अक्षरं काढत. त्यांचा नियमभंग त्या नावापुरता होता. नक्कल करणारा तोच वाकलेला काना प्रत्येक नाटकाला लावतो. मग तो भंग राहत नाही, नमुना होतो.

नियम मोडण्याचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रयोग मात्र कलेच्या नावाखाली झाला नाही. सावरकरांच्या लिपिशुद्धीत अि, अी, अु, अू अशी अ-ची बाराखडी होती. त्यामागचा तर्क घरातलाच होता : ओ, औ, अं आपण अ-वरच चिन्हं चढवून लिहितो, मग इ आणि उ वेगळे कशाला? खिळे जुळवणाऱ्या छापखान्याला आणि टंकयंत्राला जितकी चिन्हं कमी तितकं बरं होतं. म्हणजे हत्याराचा नियम ओळखून, लिपीच्या आतल्याच धाग्याने केलेला हा बदल होता. तरी तो टिकला नाही. इ आणि उ वाचणाऱ्याचं त्यांच्यावाचून काही अडत नव्हतं, आणि संगणक आल्यावर खिळ्यांची काटकसरही संपली. तो ज्या अडचणीवर उभा होता ती अडचणच गेली.

पण त्याच तर्काचं एक अक्षर तुमच्या-माझ्या रोजच्या लिहिण्यात आहे : ॲ. अ-वर चंद्र. 'ॲप', 'ॲसिड', 'ॲडमिशन'. हिंदी अशा ठिकाणी 'ऐ' किंवा 'ए'वर भागवते. मराठी कानाला ते चालत नाही, म्हणून मराठीने अ-वर चंद्र ठेवला. २००८ साली युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला. अि गेला आणि ॲ राहिला, याचं कारण मला सरळ दिसतं. अि-ने जे भरून काढलं ते छापखान्याचं होतं. ॲ-ने जे भरून काढलं ते वाचणाऱ्याच्या कानाचं होतं.

म्हणून 'आधी शिका' हा उपदेश ऐकला की मी विचारतो, कुठे शिका? बापूराव नाईकांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा तीन खंडांचा ग्रंथ महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने १९७१ साली काढला. तो इंग्रजीत आहे आणि सहज हाती लागत नाही. र. कृ. जोशींनी विंडोजसाठी 'मंगल' घडवला, आणि देशभर लोक वर्षानुवर्षं त्यातून वाचत आले. पण तो तसा का आहे, पडद्याच्या ठोकळ्यांत वेलांटी बसवताना काय सोडावं लागलं, हे मराठीतून सांगणारं पुस्तक तरुण डिझाइनरच्या टेबलावर नसतं. नियम कुणाच्या तरी हातात, कुणाच्या तरी आठवणीत राहतात. अशा वेळी 'आधी नियम शिका' हे वाक्य उपदेश राहत नाही. ज्यांना ते मिळाले त्यांनी न मिळालेल्यांना दाराबाहेर ठेवायची ती सोय होते. बंडखोरीला नाव ठेवण्याआधी नियम वाचता येतील असे उघडे करायला हवेत.

थोडे झालेही आहेत, आणि इथे मला माझ्या धंद्याबद्दल बरं बोलता येतं. 'मोदक', 'मुक्त', 'बलू' हे फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहेत. कुणीही ते उतरवून घ्यावेत, उघडून पाहावेत. आत नियम सरळ लिहिलेले असतात : क, त्यापुढे हलन्त, त्यापुढे ष आला की तिघांच्या जागी क्ष ठेव. र आणि हलन्त आधी आले की दोघांच्या जागी रफार ठेव. 'मोदक' उघडला तरी हेच सापडतं. पोकळी बुजवणाऱ्या, अक्षरं फुगवणाऱ्या त्या फॉन्टला जोडाक्षरांचा एकही नियम सोडता आलेला नाही. सोडला असता तर तो गमतीदार दिसला नसता, बिघडलेला दिसला असता. कुठला नियम मोडायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे तिथे ओळीओळीने वाचता येतं.